ताईंच्या आवाजातला बेस

गेली 14 वर्षे मी नाशिकमध्ये कार्यक्रमांना साऊंड पुरवतो. गेल्या महिन्यात गंगापूर रस्त्यावरच्या एका छोट्या सभागृहात स्टँडअपचा कार्यक्रम होता. त्यातल्या मुख्य कलाकार ताई पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आहेत आणि स्वतःची संहिता स्वतःच लिहितात.

बोलण्याच्या कार्यक्रमाचा साऊंड सोपा असतो असा समज आहे आणि आयोजक त्याच हिशेबाने पैसे कापतात. वस्तुस्थिती उलट आहे. गाण्यात शब्द बुडाला तर वाद्ये सांभाळून घेतात. विनोदाचा शेवटचा शब्द बुडाला तर सगळा विनोदच बुडतो. त्यात स्टँडअपवाले माईक ओठांना टेकवून बोलतात, आणि माईक जितका जवळ येतो तितका आवाजातला बेस, म्हणजे खालचा जाड भाग, फुगतो. म्हणून 100 हर्ट्झच्या खालचे, म्हणजे अगदी खर्जातले, मी आधीच कापतो आणि त्यावरच्या पट्ट्यात बेताने हात घालतो.

त्या दिवशी साऊंडचेकला ताईंचे पहिले वाक्य ऐकताच मी, कुणी सांगितलेले नसताना, 120 ते 250 हर्ट्झमधून नेहमीपेक्षा बराच जास्त बेस काढला. त्यांची बाजू सांभाळतो आहे, असे मला तेव्हा मनापासून वाटले. दोन वाक्यांतच त्यांनी माईक खाली केला.

"दादा, माझा आवाज कुठे ठेवलात?"

"ताई, जरा मोकळा केला."

त्या मिक्सरपाशी आल्या आणि न चिडता सांगू लागल्या. वयात येताना एकदा जाड झालेले स्वरतंतू स्त्री-संप्रेरके घेऊन पातळ होत नाहीत. बोलण्याची ढब सरावाने बदलता येते, आणि तो सराव त्यांनी केलेला आहे. "पण पहिलं वाक्य मी मुद्दाम खालच्या आवाजात टाकते. साडी बघून लोक एक आवाज धरून बसतात आणि कानावर दुसराच पडतो. ते हसणारच असतील, तर कधी हसायचं ते मी ठरवते. तो आवाज तुम्ही झाकलात, तर ते कुजबुजतील."

मी सगळा बेस परत दिला.

निवेदकाने मात्र, हातातल्या कागदावर नाव ठळक लिहिलेले असताना, त्यांना बोलावताना "येतोय" म्हटले. ही चूक गडबडीच्या खाती घालणे मला मान्य नाही. ताईंनी तोच धागा उचलला. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथी ही ओळख मान्य केली, मराठी व्याकरणाला मात्र तीन लिंगे कधीपासूनच ठाऊक आहेत, असे सांगून त्या म्हणाल्या, "घर नपुंसकलिंगी, लग्नही नपुंसकलिंगी. आणि मला द्यायला लोक नेमके याच दोन गोष्टींना नाही म्हणतात." सभागृह हसले आणि मग एकदम शांत झाले. त्या शांततेत मी फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीला, बोट लावले नाही. त्यांचा श्वास शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

साऊंडचेकचे रेकॉर्डिंग मी घरी पुन्हा ऐकले. तो पातळ केलेला आवाज नितळ होता, कारागिरी म्हणून त्यात दोष काढता येणार नाही. पण तो मी त्यांच्यासाठी पातळ केला, प्रेक्षकांसाठी, की मलाच अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून, हे अजून ठरत नाही. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेत आणि इथल्या सभांतून कितीतरी भरदार आवाजाचे कीर्तनकार आणि वक्ते माझ्या मिक्सरमधून गेले; त्यांतल्या एकाचाही बेस मी असा न विचारता काढल्याचे आठवत नाही.