एका सहीसाठी तीन आठवडे: लोलकाच्या अपवर्तनांकाचा माझा अनुभव

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना नाशिकच्या एका महाविद्यालयात मी लोलकाच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती काच प्रकाशाला किती वळवते ते सांगणारा आकडा, काढण्याचा प्रयोग केला. प्रयोगाला दोन तास पुरले, पण त्याखाली सरांची सही मिळायला तीन आठवडे लागले, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा वेग कमी होतो, त्यामुळे तिरपा पडलेला किरण स्तंभिकेकडे (पृष्ठभागाशी काटकोन करणाऱ्या रेषेकडे) झुकतो आणि बाहेर पडताना तिच्यापासून दूर जातो. काचेच्या चिपेच्या बाजू समांतर असल्याने ही दोन वळणे एकमेकांना फेडून टाकतात. लोलकाच्या बाजू एकमेकींकडे कललेल्या असल्याने त्यांची बेरीज होते आणि किरण लोलकाच्या पायाकडे, म्हणजे जाड बाजूकडे, वळतो. हा वळण्याचा कोन मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचे, लोलक ठेवलेले टेबल हळूहळू फिरवत गेले की दुर्बिणीतील सोडियमच्या दिव्याची पिवळी रेघ एका दिशेने सरकते, थबकते आणि उलटी फिरते. ती थबकते तेथे विचलन, म्हणजे किरण मूळ दिशेपासून वळल्याचा कोन, सर्वांत कमी असते. हे न्यूनतम विचलन आणि लोलककोन (लोलकाच्या दोन कललेल्या बाजूंमधला कोन) यांच्या बेरजेच्या निम्म्याच्या साईनला लोलककोनाच्या निम्म्याच्या साईनने भागले की अपवर्तनांक मिळतो, एवढाच हिशेब.

माझा लोलककोन ६० अंश, विचलन ४८ अंश १० मिनिटे आणि अपवर्तनांक १.६२ आला. सरांनी आकडा पाहून प्रयोगवही मिटली आणि म्हणाले, "काचेचा १.५ येतो. पुन्हा रीडिंग घ्या."

पुन्हा घ्यायचे म्हणजे आठवडाभर थांबायचे, कारण आमच्या बॅचला स्पेक्ट्रोमीटर एकच होता आणि मी सिन्नरहून एसटीने सीबीएस बसस्थानकावर उतरून येत असे. दुसऱ्या खेपेस विचलन ४८ अंश ८ मिनिटे आले. १.५ यायचा तर ते ३७ अंशांच्या आसपास हवे होते. म्हणजे एका मिनिटापर्यंत (अंशाच्या साठाव्या भागापर्यंत) वाचणाऱ्या व्हर्निअर मोजपट्टीवर मी, तेही दोनदा, सुमारे ११ अंशांची चूक केली, असे सरांचे म्हणणे होते. (चूक होते ती दुर्बीण ३६० अंशांची खूण ओलांडते तेव्हा, अशा वेळी लहान रीडिंगमध्ये ३६० मिळवूनच वजाबाकी करावी. मी ते केले होते.)

उलगडा हाताला झाला. शेजारच्या बॅचचा लोलक मी सहज उचलला, तर त्याच मापाचा असूनही तो बराच हलका लागला. माझा लोलक फ्लिंट काचेचा असावा, हे तेव्हा लक्षात आले. या काचेत परंपरेने शिशाचे ऑक्साइड घालतात. त्याने ती जड होते आणि प्रकाशही तिच्यात अधिक वळतो. १.५ हा आकडा साध्या क्राउन काचेच्या आसपासचा आहे. मी तो हलका लोलक मागितला, तर तो कपाटात गेला होता आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. तो दिवस मी त्या बंद कपाटासमोर बसून काढला.

मधला एक सल्ला राहिला: दुर्बीण आधी दूरच्या वस्तूवर स्पष्ट करून घ्यावी. आम्हाला खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसे, अर्थात उलटा. सोडियमचा दिवाही लवकर लावावा, कारण तो सुरुवातीस लालसर असतो आणि पूर्ण पिवळा व्हायला काही मिनिटे घेतो. उपकरणावरील दोन्ही व्हर्निअर खिडक्यांची रीडिंग लिहावीत, म्हणजे अंशांच्या वर्तुळाचा मध्य किंचित सरकलेला असला तरी सरासरीत ती चूक निघून जाते.

तिसऱ्या आठवड्यात किल्ली मिळाली. त्याच उपकरणावर हलक्या लोलकाचे विचलन ३८ अंश ५० मिनिटे आले आणि अपवर्तनांक १.५२. दोन्ही तक्ते शेजारीशेजारी लिहून मी वही पुढे केली. सरांनी दोन्ही लोलक हातात तोलून पाहिले, काही न बोलता सही केली आणि तिच्याखाली त्या दिवसाची तारीख टाकली. वही उशिरा पूर्ण केल्याबद्दल माझा एक गुण कापला गेला.