बाबांचा डबा बाथरूममध्ये गेला तो शुक्रवार

बाबांना ॲडमिट केलं तेव्हाच मी दोनदा सांगितलं होतं, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू, डबा घरचाच येईल आणि तो टेबलावरच राहू द्या. तरी शुक्रवारी डॉक्टरांच्या राउंडआधी वॉर्डच्या मावशींनी टेबल आवरलं आणि डबा उचलून बाथरूममध्ये, आरशाखालच्या फळीवर ठेवला. मी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर बाबा तोंड फिरवून पडलेले. "तो नको गं आता," एवढंच म्हणाले.

बाबांचं वय 81. ते जेवायला तयार झाल्याशिवाय सिस्टर इन्सुलिन देणार नव्हत्या. "डबा बंद आहे ना काका, मग काय झालं?" त्या विचारत होत्या. त्यांना काय सांगू? संडासाच्या जागी आम्ही अन्न नेत नाही, देवाचं नाव घेत नाही. संडासाहून आल्यावरची आशीर्वादाची प्रार्थना, आशेर यात्सारची बराखासुद्धा बाहेर येऊन, हात धुऊन म्हणायची. तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात, छावणीबाहेर खड्डा खणून मळ झाकायला सांगितलंय, कारण छावणीतून देव चालतो. बाबा याच शिस्तीत वाढले.

डब्याचं काय करायचं ते विचारायला मी हजानकाकांना, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या काकांना, फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, मग फोन बंद. तीन वाजून दहा मिनिटांपासून सव्वाचारपर्यंत मी कॉरिडॉरमध्ये फोन हातात धरून उभी होते. पाच मिनिटांत दुसरी जागा शोधता आली असती त्या डब्याला! अजून आठवलं की जीव जळतो.

(हे आधीच सांगायला हवं होतं: डब्याच्या झाकणावर कागद चिकटवा, मोठ्या मराठी अक्षरांत. तोंडी सांगितलेलं पुढच्या शिफ्टला पोचत नाही.)

शेवटी काकांचाच फोन आला. झाकण घट्ट होतं का? तुम्ही मुद्दाम ठेवलात का? फ्लशचा संडास आहे ना? मग म्हणाले, मुद्दाम न्यायचं नाही हे खरं, पण चुकून गेलेलं, झाकलेलं अन्न फेकायचं नाही. आणि फ्लशच्या संडासाला जुन्या संडासाइतका कडक नियम सगळेच धर्मपंडित लावत नाहीत. बाबांना माझ्या तोंडून पटेना, म्हणून फोन त्यांच्या कानाला लावला. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं.

खोलीत नळ बाथरूममध्येच होता. जेवणाआधी हात धुवायचं दोन कानांचं भांडं घरून नेलं होतं, तेच कामी आलं. बेसिनवर भरून बाहेर आणलं, पलंगाशी प्लॅस्टिकचा टब धरला, आणि बाबांनी आधी उजव्या, मग डाव्या हातावर पाणी घेतलं. असं भांडं बॅगेत असूच द्या.

सिस्टरांनी इन्सुलिन दिलं. बाबांनी हमोत्सी, भाकरी-चपाती खाण्याआधीची प्रार्थना, म्हटली, चपातीचा तुकडा मिठाला लावला, आणि मला म्हणाले, "तूही बस."