माझ्यावरचा अविश्वास ठराव

कोतवाल तहसीलची नोटीस घेऊन आला तेव्हा मी गोठ्यात होते. हात धुऊन पोच दिली आणि तिथंच उभ्या उभ्या वाचायला लागले. मला सरपंचपदावरून काढायच्या ठरावाची नोटीस, आणि खाली आठ सदस्यांच्या सह्या होत्या. सहा होणार हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. उरलेल्या दोन माझ्याच पॅनेलमधल्या, आणि त्यातली एक माझ्या चुलत जावेची. आमच्या दोन्ही घरांची मधली भिंत एकच आहे.

माणदेशातलं आमचं गाव. सतराशेच्या आसपास मतदार, नऊ सदस्य. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत 2017 ला आली, 2020 ला रद्द झाली आणि 2022 ला परत आली. त्याच वर्षी डिसेंबरात मी महिला राखीव जागेवर निवडून आले. या पद्धतीत सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं होऊन बसतं. सदस्य माझे तीन, त्यांचे सहा. सभेत खुर्ची माझी, ठराव मात्र त्यांच्या मर्जीने.

लोकांना वाटतं, निधी आला की सरपंचाच्या घरात गेला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेले असतात, आणि माझ्या व ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीशिवाय त्यातला एक रुपया हलत नाही. हे पारावर, लग्नात, दळणाच्या रांगेत किती वेळा सांगितलं असेल! पटवून घेणारे थोडेच.

खरं भांडण लागलं ते पाण्यावरून. वरच्या आळीला नळाला धारच यायची नाही. मोटर बदलली, व्हॉल्व्ह बदलले, तरी तेच. शेवटी पाणी सोडणाऱ्या मामांनी एका दुपारी मला खालच्या आळीत नेलं आणि गटाराकडेची माती कुदळीने उकरली. टाकीकडे जाणाऱ्या मेन लाइनवरच एक इंची पाइप जोडलेला. जोडावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा निघाला नव्हता. असे चौदा जोड सापडले. सगळ्यांना नोटिसा दिल्या, मुदत दिली, मग तोडले. त्यात एका सदस्याच्या भावाचा होता, आणि माझ्या चुलत दिरांचाही. त्या आठवड्यात वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या आक्कांनी मला हाताला धरून नेलं आणि नळाखाली भरत आलेली घागर दाखवली. या पदाने मला दिलेलं सगळ्यात मोठं सुख ते.

थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. ती दोन वर्षं संपली आणि मार्च 2025 मध्ये नोटीस आली. विशेष सभेत मला बोलायचा आणि मत द्यायचाही हक्क होता. जोडांची यादी आणि पाणीपट्टीचं रजिस्टर घेऊन मी दहा मिनिटं बोलले. कोणी मान वर केली नाही. तीन चतुर्थांश मतं लागतात, ती त्यांच्याकडे होतीच. आठ हात वर झाले.

पण थेट सरपंचाचा निकाल तिथं लागत नाही. ठराव ग्रामसभेपुढे जातो आणि गाव गुप्त मतदान करतं. ही तरतूद मला मनापासून पटते, आणि ती माझ्या कामी आली म्हणून नव्हे. ज्यांनी निवडलं त्यांनीच काढावं.

मधले दिवस वाईट गेले. पाइपाच्या खरेदीत मी कमिशन खाल्लं, असं गावभर झालं. माझ्या मुलाला शाळेत कोणीतरी तेच विचारलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी खरेदीची बिलं आणि बँकेच्या उताऱ्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली. हे म्हणाले, "मी फिरतो घरोघरी." मी नको म्हटलं. बचत गटातल्या सहाजणींना घेऊन मीच फिरले.

मतदान शाळेच्या पटांगणात झालं. सकाळपासून रांग. रोजगार बुडवून, उसाच्या फडावरून थेट आलेल्या बायका होत्या, कोयते तसेच कुंपणाला टेकवलेले. संध्याकाळी अधिकाऱ्यांनी आकडे वाचले. ठरावाच्या बाजूने 612, विरोधात 689. वरच्या आळीच्या पोरांनी गुलाल आणला होता. मी तो उधळू दिला नाही, कारण त्या 612 जणांच्या घरातही मलाच पाणी द्यायचंय.

एप्रिलच्या मासिक सभेला सगळे हजर होते. विषय पहिला, पाणीपट्टी वसुली. थकबाकी तीन लाखांवर, आणि पंपाच्या वीजबिलाची शेवटची तारीख जवळ आलेली. माझ्या बाजूला राहिलेल्या एकुलत्या एका सदस्याने सूचना मांडली. अनुमोदन द्यायला कोणी पुढं येईना. जाऊबाई प्रोसिडिंगच्या वहीकडे बघत बसल्या होत्या. विषय तहकूब झाला.

थकीत पट्टी मागायला मात्र ठराव लागत नाही. पावतीपुस्तक घेऊन शिपाई आणि मी रोज संध्याकाळी वसुलीला निघतो. आजवर चौऱ्याऐंशी हजार जमले. सही का केली हे जाऊबाईंना मी अजून विचारलेलं नाही. उद्यापासून खालची आळी, आणि यादीत पहिलं घर त्यांचंच आहे.