दोन रेसमध्ये काय कळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तसं हे विचारणारे तुम्ही एकटे नाही. २०२५ च्या मार्चमध्ये फॉर्म्युला वनच्या रेड बुल टीमने लियम लॉसनला दोन रेसनंतर गाडीतून उतरवलं आणि मे महिन्यात अल्पीनने जॅक डूहानला सहा रेसनंतर घरी बसवलं. तेव्हापासून कुणाच्या लग्नात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, कोल्हापूरला गेलो की गल्लीच्या तोंडाशी एकच प्रश्न येतो. "तू तर टीममध्ये होतास. दोन रेसमध्ये काय कळतं रे एखाद्याचं?" माझं जुनं प्रकरण ज्यांना माहीत आहे ते तेवढ्यावर थांबत नाहीत. "मग तुम्ही त्या पोराला तीन राउंडमध्ये कसं काढलंत?" (राउंड म्हणजे एका ट्रॅकवरचा रेसचा एक वीकएंड.)

मी काढलं नाही. मी डेटा बघायचो, निर्णय मालकांचा होता. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता ते म्हणताना मलाच कसंतरी होतं.

आधी लॉसनचं सांगतो, कारण तिथे मला उत्तर ठाऊक आहे. मेलबर्न आणि शांघाय या दोन्ही ट्रॅकवर तो त्याआधी एकही रेस धावला नव्हता. मेलबर्नला सरावाचं शेवटचं सत्र गाडीच्या बिघाडात गेलं आणि क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे रेसला कुठून सुटायचं ते ठरवणाऱ्या सत्रात, तो अठरावा आला. शांघायला स्प्रिंटसाठी, म्हणजे आदल्या छोट्या रेससाठी, विसावा, मुख्य रेससाठीही विसावा. शेजारी तशाच गाडीत जगज्जेता व्हर्स्टापेन. त्याच्या जागी त्सुनोदा आला. तो तर पाचव्या हंगामातला माणूस, तरी त्यालाही ती गाडी वर्षभर वळली नाही आणि २०२६ साठी तिथे इसाक हजार या तरुण ड्रायव्हरला बसवलं. गाडी ड्रायव्हरला झेपत नाहीये एवढं दोन रेसमध्ये दिसतं. का झेपत नाहीये, ते दिसायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणी देत नाही.

पूर्वी तो टेस्टिंगमध्ये, म्हणजे रेसबाहेर गाडी पळवून बघण्यात, मिळायचा. किमी रायकोनेन २००१ मध्ये फॉर्म्युला वनला आला तेव्हा त्याच्या गाठीशी गाडीच्या जेमतेम २३ रेस होत्या. पण त्या काळात टेस्टिंगवर आजच्यासारखी बंधनं नव्हती. २००९ पासून हंगाम चालू असताना टेस्टिंग बंद झालं. पुढच्याच वर्षी आपला करुण चंढोक बहारीनला उभा राहिला, तेव्हा त्याची गाडी पहिल्यांदा हलली ती थेट क्वालिफाइंगमध्ये. त्याच हंगामात दहा रेसनंतर त्याच्या जागी दुसरा माणूस आला.

आता माझं.

राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या एका टीममध्ये मी चार वर्षं होतो. नाव सांगत नाही. चौथ्या वर्षी आमच्याकडे आपल्याच भागातला एक पोरगा आला. सतरा वर्षांचा, कार्टिंगमध्ये, म्हणजे पोरांच्या छोट्या गाड्यांच्या रेसमध्ये, भरपूर जिंकलेला. बोली अशी होती की पहिल्या तीन राउंडचा खर्च वडिलांचा. तोवर निकाल दिसला तर पुढचं टीम बघेल. हा करार कागदावर नव्हता, पण पिटमध्ये झाडू मारणाऱ्या पोरालाही तो माहीत होता. पहिल्याच राउंडला त्याने गाडी भिंतीला लावली. पुढचं सस्पेन्शन, नोज, रेडिएटर मिळून बिल १ लाख १० हजार. दुसऱ्या राउंडला तो जपून चालवत होता, आणि मालक म्हणाले, "हा टॅक्सी चालवतोय."

तिसरा राउंड कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर. २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक, तिथे एका वळणावरची चूक पुढच्या वळणापर्यंत पाठ सोडत नाही. शुक्रवारी गिअर लिंकेज तुटलं आणि त्याचं एक सत्र बुडालं. शनिवारी क्वालिफाइंगला तो आठवा, आमचा दुसरा ड्रायव्हर दुसरा. एका लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, दोघांत ०.९ सेकंद. संध्याकाळी मालक तंबूत आले आणि म्हणाले, "मला एक पान दे. दोघांचे लॅप एकावर एक."

सरळ रस्ता संपतो तिथल्या मोठ्या ब्रेकिंगचा, म्हणजे ब्रेक किती दाबला त्याचा, ग्राफ मी घेतला. दुसऱ्या ड्रायव्हरची रेघ भिंतीसारखी उभी चढत होती आणि मग हळूहळू उतरत होती. पोराची रेघ चढत होती, मध्येच किंचित खाली बसत होती आणि पुन्हा चढत होती. उंटाच्या पाठीसारखी. म्हणजे पाय दाबला, मनात काहीतरी आलं, पाय सैल झाला, पुन्हा दाबला. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. फक्त त्या एका वळणावर तो ०.३ सेकंद घालवत होता.

माझ्या त्या पानाच्या तळाशी नेहमी एक ओळ असायची: टायर कोणते, किती लॅप झालेले. दुसऱ्याचा तो लॅप कोऱ्या टायरवरचा होता. पोराचे टायर मागच्या राउंडचे होते, कारण नव्या सेटचे पैसे भिंतीच्या बिलात गेले होते. ग्राफ पानभर मोठा दिसावा म्हणून मी ती ओळ काढली. जागा नव्हती, हे माझं कारण. कोइंबतूरच्या त्या रात्रीपुरतं ते मला पटलंही.

नऊच्या सुमारास पोरगा तंबूत आला. मालकांच्या फोनवर त्याने ते पान पाहिलं होतं. हातमोज्याच्या शिवणीतून सुटलेला धागा तो बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"दादा, हा लॅप नव्या टायरचा आहे ना?"

"हो," मी म्हणालो. "पण ब्रेकच्या रेघेचा टायरशी संबंध नाही."

हे खोटं होतं. पकड कमी असली की पाय बिचकतोच, हे मी कुणालाही शिकवलं असतं.

त्याने स्क्रीनवर त्या उंटाच्या पाठीवर बोट ठेवलं. "हे काय आहे?" मी समजावून सांगितलं. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तिथं मला पप्पांचं बिल आठवतं."

मी काय म्हणालो? "झोप आता, उद्या दोन रेस आहेत."

रविवारी तो पहिल्या रेसला सातवा, दुसऱ्या रेसला सहावा आला. मंगळवारी त्याच्या वडिलांना फोन गेला. पुढच्या राउंडला त्याच्या सीटवर चेन्नईचा एक मुलगा होता, आणि त्याच्याबरोबर चेक होता.

तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, टीम म्हणजे धर्मादाय संस्था आहे का? सहा मेकॅनिकचे पगार कुठून येणार होते? टायरचा हिशेब वजा केलास तरी पोरगा चांगला अर्धा सेकंद मागे होता. तीन नाहीत तर किती राउंड देणार होतास, आकडा सांग. आकडा माझ्याकडे आजही नाही. फॉर्म्युला वनमध्ये लोगन सार्जंटला ३६ ग्रां प्री, म्हणजे मुख्य रेस, मिळाल्या आणि एक गुण आला. नुसता वेळ देऊन सगळ्यांचं भलं होत नाही हे मलाही दिसतं. मग मी त्याला त्याच इसाक हजारचं सांगतो. २०२५ ला मेलबर्नच्या पावसात रेस सुटण्याआधीच्या फॉर्मेशन लॅपलाच त्याची गाडी भिंतीवर गेली. रडत परत येताना हॅमिल्टनच्या वडिलांनी त्याला जवळ घेतलं. त्याच वर्षी झांडफोर्टला तो तिसरा आला. आंतोनेल्ली या नवख्या पोराने २०२४ ला माँझाच्या सरावात पहिल्या दहा मिनिटांत मर्सिडीज ठोकली, आणि दुसऱ्याच दिवशी मर्सिडीजने पुढच्या हंगामासाठी त्याचं नाव जाहीर केलं. तेव्हाचा मी म्हणतो, मर्सिडीजकडे पैसे आहेत. यावर मला बोलता येत नाही. फक्त एवढंच, की त्या आंतोनेल्लीला ब्रेक दाबताना बापाचं बिल आठवत नसावं.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. शुक्रवारी, म्हणजे फोन जाऊन तीन दिवस झाल्यावर, मी घरी बसून रविवारचा डेटा उघडला. सवय म्हणून. दुसऱ्या रेसच्या पहिल्या पाच लॅपमध्ये तीच उंटाची पाठ होती. सहाव्या लॅपला ती गेली. सातव्याला नव्हती, आठव्यालाही नव्हती. शेवटपर्यंत रेघ सरळ उभी चढत होती. आपलं आता काही खरं नाही हे कळून त्याची भीती गेली, की शनिवारी रात्री ते बघून तो शिकला, मी सांगू शकत नाही. मी मालकांना फोन केला नाही. चेन्नईच्या मुलाचे पैसे जमा झाले होते.

दोन वर्षांपूर्वी तो पोरगा कोल्हापुरात एका लग्नात भेटला. पोरगा कसला, आता वडिलांचा कारखाना बघतो. "दादा, जेवलात का?" म्हणाला. माझ्या मुलीची चौकशी केली. रेसिंगचं त्यानेही काढलं नाही, मीही नाही. त्या रविवारची फाइल माझ्याकडे अजून आहे. पाठवावी असं अनेकदा वाटलं, पण तिने त्याला बरं वाटेल की जुनी जखम उघडेल, हे ठरत नाही.

तू हे वाचत असशील तर: दुसरी रेस, सहाव्या लॅपपासून पुढे. टायर तेच होते, मागच्या राउंडचे.