फ्लोरिडात पोवळ्याच्या दगडातून बाणाची टोकं घडवली, जाणाऱ्यांसाठी थोडं

मागच्या नोव्हेंबरात उत्तर फ्लोरिडात व्हाईट स्प्रिंग्जजवळ चार दिवस राहून आलो, सुवानी नदीच्या काठी, आणि सगळा वेळ दगड फोडण्यात गेला. कोणी विचारलं की काय बघितलंस तर सांगायला काही नाही, पण बोटांना अजून बँडेड आहेत.

दगड म्हणजे जीवाश्म झालेलं पोवळं. दोन-अडीच कोटी वर्षांपूर्वी हा भाग उथळ समुद्राखाली होता, तिथली पोवळी चुनखडीत गाडली गेली आणि पाण्यातल्या सिलिकाने (वाळू-काचेतलं खनिज) हळूहळू त्यांची जागा घेतली, म्हणजे आकार पोवळ्याचा आणि माल अकीकाचा. 1979 पासून हा फ्लोरिडाचा अधिकृत राज्य-दगड आहे. बाहेरून खडूसारखी पांढरट साल असते, हातात घेतला तर फेकून द्यावासा वाटेल असा, पण फोडल्यावर आत बारीक बारीक चांदण्या दिसतात, पोवळ्यातल्या जिवांच्या खोल्या त्या.

आधी कायद्याचं, कारण इथेच लोक फसतात. नौकानयनाजोग्या नद्यांचा तळ राज्याच्या मालकीचा आहे आणि तिथून जुनी हत्यारं उचलणं गुन्हा आहे, अगदी कपची असली तरी. पाण्यात सुंदर जुनं टोक दिसलं तर बघा, फोटो काढा, खिशात टाकू नका. स्टेट पार्कमधून तर साधा दगडही नाही. आम्ही एका खासगी जमीनमालकाला विचारून त्याच्या शेताच्या बांधावरचे दगड घेतले, ते सगळ्यात बिनडोकेदुखीचं. नदीवर नुसतं फिरायला जाणार असाल तरी आदल्या दिवशी यूएसजीएसच्या (अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं) साइटवर पाण्याची पातळी बघून जा, चढलेलं असेल तर काठ दिसतच नाही, आणि मगरी असतात हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

दगड निवडताना हातोडीने हलकं टकटक करायचं. काचेसारखा टणक आवाज आला तर घ्या, बद्द वाजला तर आत भेग किंवा पोकळी आहे. पोवळ्याचं हेच दुखणं, मस्त कपच्या निघत असतात आणि मधेच स्फटिकांचा खड्डा लागतो, मग तिथपर्यंतची मेहनत पाण्यात.

आता भाजणं. कच्चं पोवळं फार चिवट, हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाबून दाबून मनगट गेलं तरी कपची अर्ध्यात तुटते. इथल्या प्राचीन लोकांनाही हे माहीत होतं, हजारो वर्षांपूर्वीची न्यूनन प्रकारची (फ्लोरिडातल्या जुन्या दगडी टोकांचा एक प्रकार) टोकं भाजलेल्या पोवळ्याची सापडतात. आम्ही टर्की भाजायचा मोठा इलेक्ट्रिक रोस्टर घेतला, तळाला वाळू, त्यात फोडून पातळ केलेले तुकडे एकमेकांना न टेकता ठेवले, वरून परत वाळू. पूर्ण एक दिवस 200 फॅरनहाइटला नुसतं सुकवलं, मग तासाला 50 ने वाढवत 500 पर्यंत, तिथे चार तास, आणि बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण कोमट लागत होतं आणि मला राहवलं नाही, उघडलं, वाळू बाजूला केली, आणि सगळ्यात चांगला तुकडा हातात घेतल्या घेतल्या टिक्क. दोन भाग. म्हातारबाबा शिकवायला होते ते काही बोलले नाहीत, फक्त झाकण परत लावलं. म्हणून सांगतो, वाळूत खोलवर बोट घातल्यावर गार लागेपर्यंत थांबा, अजून एक दिवस गेला तर जाऊ दे.

बाकीचे तुकडे मात्र काय निघाले! पिवळट करड्याचे गुलाबी, काही तर चक्क लाल (दगडातल्या लोहामुळे), आणि नव्याने फोडलेल्या जागी मेणासारखी चकाकी.

घडवताना प्रत्येक घावाआधी कड खरबरीत दगडावर घासून बोथट करायचीच, धारदार कडेवर मारलं की कपची न निघता नुसता चुरा होतो. तळहाताखाली जाड चामडं, हाताच्या रेषेत दाब, आणि मग तांब्याच्या टोकाने खालच्या बाजूला ढकलल्यावर लांब पातळ कपची सुटते तेव्हा जो बारीक आवाज येतो ना, त्याच्यासाठी परत जाईन. टोक काठीला बांधायची खाच पाडताना माझी दोन टोकं मोडली, दोन्ही शेवटच्या दाबाला. आधी काचेच्या बाटलीच्या बुडावर हात बसवून जा, पोवळं शिकण्यावर वाया घालवू नका.

चष्मा लागतोच. धूळ सिलिकाची असते, फुफ्फुसात कायमची बसते, म्हणून उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, चांगला मास्क लावून बसा आणि कपडे घरात झटकू नका. खाली ताडपत्री अंथरा आणि कपच्या सगळ्या गोळा करून न्या, नाहीतर पुढे एखादा पुरातत्त्ववाला तिथे वस्ती होती म्हणून खणत बसेल. तयार टोकावर हिऱ्याच्या पेनाने सही आणि वर्ष कोरा, म्हणजे जुनं म्हणून कोणी विकणार नाही. विमानाने परतणार असाल तर टोकं आणि हत्यारं चेक-इन बॅगेत, एकेक टोक वेगळ्या मोज्यात. मी सहा आणली, त्यातलं एक मोज्यातच मोडलं, दोन टोकं एका मोज्यात कोंबली होती.