कंट्रोलच्या रांगेतला बँड

जेलवर डीएनएचा बँड, म्हणजे ठळक पट्टा, आला तो नेमका नको त्या रांगेत.

आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी घशाच्या कर्करोगाच्या दोन सेल लाइन्स, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या पेशी, वाढवत होती. एससीसी-०९० ही जिभेच्या मुळाशी झालेल्या गाठीतली, एचपीव्ही या कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार असलेली. तुलनेसाठी हेप-२, स्वरयंत्राच्या कर्करोगाची, विषाणू नसलेली असं आम्ही धरून चाललो होतो. त्या हेप-२च्या रांगेत जेलवर एचपीव्ही-१८चा ठळक बँड! घशात सापडतो तो बहुतेक वेळा १६. मग हा १८ आला कुठून?

"मॅडम, माझीच चूक असणार," ती रडवेली झाली. १८चा बँड हमखास दाखवणारा कंट्रोल म्हणून हेला या पेशींचा डीएनए त्याच रॅकमध्ये होता, तोच मिसळला असेल असं तिला वाटलं. तिने नवे प्रायमर, नव्या टिप्स घेऊन, दुसऱ्या खोलीत मिक्स बनवून तीनदा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी, लावली. तिन्ही वेळा बँड तिथेच.

खरं तर फ्लास्क केव्हाचे सांगत होते. एससीसी-०९० फार हळू वाढते. विरळ लावली की रुसून बसते, फ्लास्क भरायची वाट बघत दिवसच्या दिवस जातात. हेप-२ शुक्रवारी लावा, सोमवारी पेशींचं खाद्य असलेला मीडिया पिवळा. पी-१६ या प्रथिनाचा रंगही दोन्हींत सारखाच गडद. विषाणूचं ई-७ प्रथिन पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या आरबीला निकामी करतं, म्हणून पी-१६ वाढतं. ई-६ दुसऱ्या रक्षक प्रथिनाचा, पी-५३चा, काटा काढतं. विषाणू असलेल्या आणि नसलेल्या पेशींतला फरक तीन महिने शोधत होती बिचारी. तो दिसणार कसा?

पेशी कुणाच्या ते डीएनएवरून ओळखणाऱ्या एसटीआर तपासणीचा अहवाल आला. हेप-२ म्हणजे हेलाच. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून काढलेल्या पेशी. अशा अनेक सेल लाइन्समध्ये हेला घुसलेली आहे, हे जनुकशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६०च्या दशकातच दाखवून दिलं होतं. आज हेप-२ मागवली तर तिच्या माहितीतही तसं लिहिलेलं असतं. पण आमची व्हायल, पेशींची कुपी, कुणाकडून तरी आलेली, नायट्रोजनच्या टाकीत वर्षानुवर्षं पडून. माहिती वाचायची वेळ कुणावर आलीच नाही.

"सगळेच वापरतात, पुढे चला," एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. मला संताप आला. एचपीव्ही असलेल्या घशाच्या सेल लाइन्स जगात मोजक्या. त्यातल्या एससीसी-०९० आणि एससीसी-१५२ तर एकाच रुग्णाच्या. एवढ्या तोकड्या आधारावर अशा रुग्णांच्या रेडिएशनचा डोस कमी करता येईल का, असे प्रश्न आपण सोडवू बघतो, आणि शेजारी कोणती पेशी ठेवली तेही तपासत नाही? एसटीआर केल्याशिवाय एकही फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये जाऊ देऊ नये, या मताची मी झाले आहे.

तिचं काम आता नव्या कंट्रोलवर सुरू झालंय. माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधात मात्र हेप-२ अजून 'स्वरयंत्राचा कर्करोग' म्हणूनच छापलेली आहे. काल तो कपाटातून काढला. एकोणीस ठिकाणी आहे.