एक्झाक्टाचे पांढरे ठिपके: चोर दुसऱ्या पडद्यात निघाला

मंडळी, माझ्या जुन्या एक्झाक्टा फिल्म कॅमेऱ्याच्या फोटोंवर येणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांचं मूळ सापडलं! ऑगस्टपासून डोकं खाल्लं होतं त्यांनी. मागच्या नोंदीत लेकीच्या शाळाप्रवेशाच्या रोलबद्दल लिहिलं होतं. इकडे जर्मनीतल्या साक्सनीत पहिलीचा प्रवेश म्हणजे घरचं मोठं कार्य असतं. शनिवारी समारंभ, आजी-आजोबांपासून सगळे हजर, आणि पोरांच्या हातात खाऊनं भरलेली उंच, षट्कोनी शंकूसारखी पुडी, त्सुकरट्यूटे. त्या रोलवर काही फ्रेम स्वच्छ, तर काहींत उजवीकडे वर दोन-तीन पांढरे ठिपके आणि मध्याजवळ एक. तो मधला नेमका तिच्या गालावर. असा फोटो पुन्हा काढता येत नाही, म्हणून हा प्रश्न अर्धवट सोडणं मला शक्यच नव्हतं.

सगळ्यांनी आधी धूळ सुचवली होती. निगेटिव्ह पुन्हा धुतलं, वाळवलं आणि भिंगाखाली धरलं. धूळ असती तर प्रिंटवर तिची कड तीक्ष्ण आली असती आणि निगेटिव्ह पुसल्यावर ती गेलीही असती. इथे इमल्शनमध्येच, म्हणजे फिल्मच्या प्रकाश टिपणाऱ्या थरातच, गडद ठिपका आहे, आणि त्याची कड मऊ आहे. डेव्हलप करताना अडकलेले हवेचे बुडबुडेही बाद, कारण बुडबुड्याखाली फिल्म डेव्हलप होत नाही. ती जागा निगेटिव्हवर पारदर्शक राहते आणि प्रिंटवर काळी येते. आपलं उलट आहे. म्हणजे तिथे जास्तीचा प्रकाश पोचला.

मग तो शिरला कुठून? मागच्या झाकणातून आला असता तर फ्रेमची चौकट ओलांडून छिद्रांच्या पट्टीपर्यंत पसरला असता. हे ठिपके चौकटीच्या आतच आहेत आणि दर वेळी त्याच जागी. म्हणजे प्रकाश लेन्सच्या बाजूनं, फिल्मपुढच्या शटरच्या कापडी पडद्यातून येतोय. पडद्याला भोकं आहेत हा अंदाज तुमच्यापैकी दोघातिघांनी बांधलाच होता. पण पडद्याला भोकं असतील तर ठिपके प्रत्येक फ्रेमवर यायला हवेत. काहींवरच का? त्यातून ठिपक्यांच्या सगळ्या फ्रेम टेसार ५०/२.८ या लेन्सवर काढलेल्या, आणि दुसऱ्या लेन्सच्या, ट्रायोप्लान १०० च्या, सगळ्या स्वच्छ. त्यामुळे मी बरेच दिवस टेसारच्या मागे लागले. आतल्या काचांवरून परावर्तन होतंय का, हूड लावून फरक पडतो का, वगैरे. पण परावर्तन सूर्याची दिशा बदलली की जागा बदलतं, आणि हे ठिपके हलायला तयार नव्हते.

उलगडा झाला तो कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलच्या सगळ्या फ्रेमचा एकत्र छोटा प्रिंट, क्रमानं वाचताना. ठिपक्यांची प्रत्येक फ्रेम अशी होती की त्यानंतर लेक कुठेतरी पळाली होती. शाळेच्या पायऱ्यांवरून मैत्रिणीकडे, अंगणातून रस्त्याकडे, आजोबांच्या हातातल्या केककडे. बटण दाबलं आणि मी तिच्यामागे. फिल्म पुढे न्यायची लिव्हर ओढली ती दोन-तीन मिनिटांनी, पुढचा फोटो घ्यायच्या वेळी. ती शांत उभी होती तिथे मी लगेच लिव्हर ओढली होती, आणि त्या फ्रेम निर्मळ आहेत.

आता एक्झाक्टा व्हारेक्सची, म्हणजे माझ्या या कॅमेऱ्याची, रचना आठवा. हिचा आरसा आपोआप खाली येत नाही. फोटो झाला की तो वरच राहतो, लिव्हर ओढली की खाली बसतो. तोपर्यंत लेन्समधून आलेला प्रकाश सरळ पडद्यावर पडत राहतो, आणि नुकतीच काढलेली फ्रेम त्या पडद्यामागेच असते. शटरचे पडदे दोन: पहिला सरकून फ्रेम उघडतो, दुसरा त्याच्यामागून येऊन ती झाकतो. त्या वेळी फ्रेम झाकून असतो तो दुसरा पडदा. पहिल्या पडद्याला भोकं असली तरी फारसं बिघडत नाही, कारण तो पुढे असतो तेव्हा आरसा खाली येऊन त्याला झाकतो. दुसऱ्याला असं संरक्षण नाही.

आणि टेसारचं कोडंही इथेच सुटतं. माझा टेसार ऑटोमॅटिक आहे. बटण दाबताना ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, मी ठेवलेल्या ८ ला मिटतं आणि बोट उचललं की परत २.८ ला उघडतं. ट्रायोप्लान प्रीसेट, म्हणजे हातानं उघडायचा-मिटायचा, असल्यामुळे ८ वर ठेवला की ८ वरच राहतो. दोन्हींत तीन स्टॉपचा (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट) फरक, म्हणजे वाट पाहत असलेल्या पडद्यावर टेसार आठपट प्रकाश टाकतो. लेन्स निर्दोष आहे. ती फक्त जास्त उघडी होती! हे कळलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि मी नवऱ्याला उठवून सांगितलं. त्यानं उठून बसून नीट ऐकलं, याबद्दल त्याचे मनापासून आभार.

तरी अंदाजावर थांबायचं नव्हतं. पुढच्या उन्हाच्या दिवशी ड्रेस्डेनमध्ये एल्बे नदीकाठी, ब्लाऊएस वुंडर नावाच्या पुलासमोर एफपी४ फिल्मचा एक रोल त्यासाठीच घालवला. एक फ्रेम काढून लगेच लिव्हर, पुढची काढून कॅमेरा तसाच उजेडाकडे धरून ठेवायचा, आणि हे आलटून पालटून. सूर्य फ्रेमच्या बाहेर ठेवला, त्याचं कारण पुढे येतंच आहे. लेक सेकंद मोजत होती आणि वहीत खुणा करत होती. नुकतेच शिकलेले आकडे कामी आले म्हणून तिला कोण आनंद! डेव्हलपर रोडिनाल, १+५० प्रमाणात, म्हणजे ५०० मि.ली. पाण्यात १० मि.ली., २० अंशांवर १५ मिनिटं. निकाल आरशासारखा लख्ख. थांबलेल्या प्रत्येक टेसार फ्रेमवर ठिपके, लगेच ओढलेल्या एकाही फ्रेमवर नाहीत. ट्रायोप्लान ८ वर ठेवून थांबले तेव्हा जेमतेम सावली, आणि फोटोनंतर मुद्दाम पूर्ण उघडून थांबले तेव्हा तेच ठिपके, त्याच जागी.

रोडिनालबद्दल जाता जाता. १८९१ पासून बाजारात असलेलं हे रसायन पालकांसाठीच केलंय असं मला वाटतं. बाटली उघडून महिने लोटले, आतला द्रव काळपट झाला, तरी काम करतो. पावडरवाले डेव्हलपर बारीक कण देतात हे मान्य, पण एक लिटर कालवून ठेवायचा आणि मुलीला ताप आला की तो तसाच पडून राहायचा, हे माझ्या घरात जमत नाही.

नंतर बाथरूममध्ये अंधार करून तपासणी. लेन्स काढली, फोटो काढल्याच्या स्थितीत ठेवून आरशाच्या पेटीत छोटी विजेरी लावली आणि मागचं झाकण उघडून पाहिलं. प्रतिमा फिल्मवर उलटी पडते, म्हणून प्रिंटच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातलं भोक मागून पाहताना खालच्या डाव्या कोपऱ्यात शोधायचं. तिथेच होती! कापड जिथे वळतं त्या रेषेत बारीक तडे. साठ-पासष्ट वर्षांच्या रबर चढवलेल्या कापडाचं वय बोलतंय, त्यात नवल नाही. पण मधलं भोक वेगळं आहे. गोल, आणि भिंगाखाली त्याची कड तपकिरी, कडक झालेली. माझ्या मते ते उन्हानं जळालेलं आहे. आरसा वर असताना लेन्स सूर्याकडे राहिली की सूर्याचा बिंदू थेट कापडावर केंद्रित होतो. रेंजफाइंडरवाल्यांना, ज्यांच्या कॅमेऱ्यात आरसाच नसतो, हा धोका चांगला ठाऊक आहे, पण एक्झाक्टाच्या संदर्भात याची चर्चा मी फारशी वाचलेली नाही. ज्यांच्याकडे हा कॅमेरा आहे त्यांनी कृपा करून फोटो झाला की आधी लिव्हर ओढा.

दुरुस्तीचं सांगते. एका जुन्या कारागिराशी बोलले. दोन्ही पडदे नवे घालायला तो तयार आहे, भावही रास्त सांगितला, पण रांग लांब आहे. तोवर डागडुजी करायचं ठरवलं. कापडावर वापरायचा काळा रंग, अगदी पातळ केलेला, शून्य नंबरचा ब्रश, आणि फिल्मच्या बाजूनं एकच हलका थर. काहीजण द्रव रबर सुचवतात, पण त्याचा थर जाड बसतो, पडदा जड होतो आणि गुंडाळला की स्वतःलाच चिकटायची भीती असते. ब्रशवर मात्र पैसे वाचवू नका. स्वस्त ब्रशचा एक केस पडद्याच्या फटीत गेला की संध्याकाळ गेलीच.

एका थरानं तडे बुजले. फोटोडायोडच्या टेस्टरवर फ्रेमच्या दोन्ही टोकांना शटरचे वेग मोजले, १/५०० सेकंदापर्यंत आधीच्या आकड्यांत आणि आताच्यात सांगण्याजोगा फरक नाही. गोल भोक मात्र अजून अंधुक चमकतं. दुसरा थर द्यायचा आणि मार्चमध्ये ऊन आलं की पुन्हा चाचणी घ्यायची, असा बेत होता.

पण हे लिहितानाच सुचलं की उन्हाची वाट कशाला पाहायची? आरसा वर असताना टेसारसमोर फ्लॅश पाच-सहा वेळा उडवला तर घरातच चाचणी होईल. शिवाय एक्झाक्टाच्या पोटात फिल्म कापायची सुरी आहेच! तीन-चार फ्रेम घ्यायच्या, सुरीनं कापायच्या, अंधारात काढून तेवढाच तुकडा डेव्हलप करायचा. अख्खा रोल अडकत नाही. ही सुरी आजवर मी एकदाही वापरली नव्हती. एक्झाक्टा बनवणाऱ्या इहागी कंपनीचा युद्धाआधीचा कारखाना ड्रेस्डेनमधल्या आमच्याच श्ट्रीझन भागात होता, १९४५ च्या बॉम्बवर्षावात तो नष्ट झाला. त्या गल्ल्यांतून लेकीला शाळेत सोडायला जाताना आता त्या सुरीच्या कल्पकतेबद्दल आदर आणखी वाढलाय.

तर दुसरा थर थांबवला. आधी फ्लॅशची चाचणी. गोल भोकातून काहीच उमटलं नाही तर पडद्याला पुन्हा हात लावायचा नाही.

गालावरच्या ठिपक्याचं काय, असं काहींनी विचारलं होतं. प्रिंटवरचा पांढरा ठिपका हा सगळ्यात सोपा रोग आहे, कारण पांढऱ्यावर रंग भरता येतो. स्पॉटिंगची शाई भरपूर पातळ करून, ब्रश जवळजवळ कोरडा करून, टिंबामागून टिंब देत गेले. प्रत्येक टिंब वाळेपर्यंत थांबायचं, घाई केली की गडद डाग पडतो. १८×२४ च्या फायबर पेपरवरचा प्रिंट आता हातभर अंतरावरून निर्दोष दिसतो. तो सांगलीला बाबांकडे जाईल. त्यांनी आमचं सगळं बालपण आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर टिपलं, आणि नातीचा प्रिंट हातात आला की ते आधी कड तपासतील हे मला माहीत आहे.

फ्लॅशचे निकाल आले की लिहीनच. तोवर एक विचारायचंय. पडद्याला कापडाचा रंग देऊन ज्यांना दोन-चार वर्षं झाली असतील त्यांनी सांगा, कडाक्याच्या थंडीत तो तडकतो का? इकडे जानेवारीत एल्बेकाठी पारा शून्याखाली जातो आणि लेकीला स्लेजवरून घसरायला त्याच वेळी जायचं असतं. रंग टिकणार नसेल तर मी आजच कारागिराच्या रांगेत नाव घालते.